विश्रांतवाडीची पांढरी सायकल

१

पांढरी सायकल जागेवर नव्हती. साखळी होती, कुलूप होतं, आदल्या दिवशीचा झेंडूचा हारही होता. फक्त सायकल नव्हती.

विश्रांतवाडीच्या चौकातून आळंदी रस्त्याला लागलं की डाव्या हाताला विजेचा एक खांब येतो. त्याला ती बांधलेली असायची. शर्मिला गजभिये इथेच भाजीच्या टेम्पोखाली गेली, त्याला महिना झाला होता. तिच्या 'पहाट पेडल' ग्रुपने एक जुनी सायकल चाकापासून सीटपर्यंत पांढरी रंगवून या खांबाला उभी केली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला कळावं, की इथे सायकलवरचं माणूस मेलंय.

आज रविवार. महिन्याच्या आठवणीला सगळे जमले होते. खांबाशेजारी शर्मिलाचा मोठा फ्लेक्स होता. पिवळं जॅकेट, वर केलेला हात, तोंडभर हसू. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'बेदरकार टेम्पोचालकाचा बळी'.

"फ्लेक्सवाल्यांचं काम आहे," अभिनव म्हणाला. तो हिंजवडीला आयटीत होता आणि ग्रुपमधला सगळ्यात वेगवान. "निवडणुकीआधी प्रत्येक खांब लागतो त्यांना. कम्प्लेंट टाकू."

"टाका," कोणीतरी मागून म्हणालं. "टेम्पोवाल्यावर टाकली तिचं काय झालं ते आधी विचारा."

साईनाथसर रिक्षातून पाण्याचे कॅन उतरवत होते. ते इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत आणि ग्रुपचं सगळं तेच बघत. एरवी प्रत्येक राईडला त्यांची राखाडी गाडी पाणी, केळी, पंक्चरचं सामान घेऊन पुढेमागे असायची. गाडी गॅरेजला आहे म्हणाले. सायकल गेल्याचं कळल्यावर ते खांबाकडे बघत राहिले. ती सायकल त्यांनीच दिली होती.

"दुसरी लावू," ते शेवटी म्हणाले. "तो माणूस आत जाईपर्यंत लावत राहू."

नम्रता खाली वाकून कुलूप बघत होती. मोटार विम्याच्या दाव्यांची सर्व्हेयर म्हणून तिची वीस-पंचवीस वर्षं गेली होती. ठोकलेली गाडी बघायची आणि मालक खरं बोलतोय की नाही ते सांगायचं, हे तिचं काम. ग्रुपमध्ये शर्मिलाशी तिचं सगळ्यात जास्त जमायचं. अपघाताच्या दिवशी मात्र ती लातूरला भाचीच्या लग्नात होती. तिथे असते तरी काय करणार होते, असं ती स्वतःला सांगायची आणि ते तिला पटायचं नाही.

कुलूप तोडलेलं नव्हतं. किल्लीने उघडून साखळीत नीट अडकवून ठेवलं होतं. हार सायकलवरून काढून खांबाच्या खिळ्याला लावला होता. भंगार चोरणारा माणूस हार काढून खिळ्याला लावत बसत नाही.

"किल्ल्या कोणाकडे आहेत?" तिने विचारलं.

"एक माझ्याकडे," अभिनवने किचेन दाखवली. "दुसरी सरांकडे."

"माझी घरी असेल," साईनाथसर म्हणाले. "कुठेतरी."

शर्मिलाचे वडील भीमराव बाजूला उभे होते. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, उंच, पांढऱ्या शर्टातले. बायको गेल्यापासून लेक आणि ते असे दोघंच घरात. सगळे पांगल्यावर ते नम्रताजवळ आले.

"ताई, तुम्ही अपघातांचं शोधून काढता ना?"

"गाड्यांचं काढते, काका."

"मग हेही बघा. सायकल कोणी नेली हे नाही सांगितलं तरी चालेल." त्यांनी खांबाकडे पाहिलं. "का नेली, तेवढं मला हवंय."

२

खांबाच्या अलीकडे पेढ्यांचं दुकान होतं. मालक काउंटरवर पेपर वाचत बसले होते.

"सायकल मी नेली का, असंच विचारायला आलात ना? नाही. तक्रार केली होती मी. दारात मयताची सायकल असल्यावर कोण साखरपुड्याचे पेढे घेईल? पण नेली नाही."

"अपघात पाहिला होता तुम्ही?"

"आवाज ऐकला. शटर अर्धं उघडून आत झाडत होतो. बाहेर आलो तर टेम्पो थांबलेला. ड्रायव्हर स्वतःच उडी टाकून त्या बाईंकडे पळाला. पळून जायचं असतं तर रस्ता मोकळा होता. मग सिग्नल सुटला, तुमचे लोक आले, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे."

नम्रताला माहीत होतं. ड्रायव्हरला इतकं मारलं होतं, की तो पंधरवडाभर इस्पितळात होता. त्याबद्दल ग्रुपमध्ये कोणी बोलत नसे.

"तुमच्या दारात गाडी उभी होती का तेव्हा? चारचाकी?" तिने सर्व्हेयरच्या सवयीने विचारलं.

मालकांनी चष्मा काढला. "माझ्या दारात गाडी उभी नसेल असा एक दिवस दाखवा, अर्धा किलो पेढे फुकट देतो. बाहेर आलो तेव्हा एक निघून जात होती. कोणती ते विचारू नका. सिग्नलवरचा कॅमेरा बंद होता, आता मी कॅमेरा होऊ का?"

नम्रता उठली. दुकान अजून अर्धंच उघडलं होतं. खाली आलेल्या शटरवर पेढ्यांनी भरलेलं मोठं ताट रंगवलेलं होतं, वर केशराच्या काड्या. हे ताट आपण आत्ताच कुठेतरी पाहिलं, असं तिला वाटलं. ती खांबापर्यंत चालत गेली.

फ्लेक्सवर शर्मिलाच्या खांद्यामागे, धूसर, पण ओळखू येईल असं तेच ताट होतं.

पिवळी जॅकेटं ग्रुपला अपघाताच्या दिवशी पहाटे, राईड सुरू होताना वाटली होती. त्याआधी ती कोणाच्याही अंगावर नव्हती. म्हणजे हा फोटो त्याच सकाळचा, याच जागेवरचा, आणि ती पडायच्या काही क्षण आधीचा. फोटो समोरून, खालून काढलेला होता. पुढे थांबलेल्या एखाद्या गाडीच्या मागच्या काचेतून काढावा तसा.

३

पोलीस ठाण्याच्या मागच्या आवारात जप्त गाड्यांची रांग होती. तिथल्या हवालदारांना नम्रता ओळखत होती.

"ताई, पंचनामा झालाय, सगळं झालंय," ते म्हणाले. "बघायचं तर बघा."

शर्मिलाची सायकल भिंतीला टेकवलेली होती. मागचं चाक चेपून आठाच्या आकड्यासारखं झालं होतं. शेजारीच ड्रायव्हर संपतचा केशरी टेम्पो. लोणी काळभोरचा हा माणूस आळंदीकडे भाजी घेऊन निघाला होता. नम्रताने टेम्पोचा पुढचा भाग हाताने चाचपला. बंपरला पोचा नव्हता. टेम्पोने सायकलला मागून उडवलंच नव्हतं. ती आधी आडवी पडली, आणि मग टेम्पोचं चाक तिच्यावर आलं.

मग ती पडली कशाने?

नम्रता सायकलपाशी उकिडवी बसली. टेम्पो उजवीकडून आला होता. हँडलची उजवी बाजू जवळपास धड होती. मोडला होता डावा ब्रेक. डाव्या मुठीच्या टोकाला रबरात एक काप होता, सरळ, सुरीने कापावा तसा, आणि कापाच्या कडेला राखाडी रंगाची पुसट रेघ.

उभ्या गाडीला मागून धडकलं तर पुढचं चाक वाकतं. इथे पुढचं चाक गोल होतं. मुठीला लागली होती ती पत्र्याची पातळ कड.

"राखाडी," हवालदार मागून म्हणाले. "अर्ध्या पुण्याच्या गाड्या राखाडी आहेत, ताई. कोणाकोणाला बोलावू?"

४

अभिनव तिला कॉफी प्यायला भेटला, पण कॉफी तशीच राहिली.

"तो फोटो तुला कोणी दिला? फ्लेक्सवरचा?"

"अपेक्षाने पाठवला. सरांच्या मुलीने. मला वाटलं त्या पहाटे राईड सुरू होतानाचा असेल. का?"

"त्या दिवशी तू पहिला पोचलास ना? ड्रायव्हर काय करत होता?"

"शर्मिलाताईजवळ बसला होता. मी कॉलर धरून उठवला. तो सारखं एकच बोलत होता. दार उघडलं, दार उघडलं. माझं डोकं फिरलं. ती तिथे पडलीय आणि हा सांगतोय की मी दार उघडलं, खाली उतरलो. जसे काही उपकार केले. मग मी मारलं. मग सगळ्यांनीच मारलं."

"मी दार उघडलं, असं म्हणाला?"

"दार उघडलं म्हणाला."

"मी, असं म्हणाला का?"

अभिनवने तिच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

त्याच दुपारी दोघं लोणी काळभोरला गेले. संपतचं घर महामार्गापासून आत, उसाला लागून होतं. जामीन झाला होता. तो ओट्यावर भिंतीला टेकून बसला होता, डोक्यावर टाक्यांची लांब रेघ. त्याची बायको मुक्ताई दारात आडवी उभी राहिली.

"आता काय ऱ्हायलंय? अजून मारायचं हाय का?"

"मला फक्त विचारायचंय," नम्रता म्हणाली. "ती बाई पडली तेव्हा त्यांनी काय पाहिलं?"

"त्यास्नी इचारून उपेग न्हाई. डोक्याला मार हाय. त्या सकाळचं कायबी आठवत न्हाई. पोलिसांनी इचारलं, वकिलानं इचारलं. म्हणत्यात, लोक सांगत्यात म्हणजे मीच मारली आसंल."

संपतने मान हलवली. "मीच मारली आसंल," तो म्हणाला.

आपण निर्दोष आहोत हे जगात एकाच माणसाला माहीत होतं, आणि ते त्याच्या डोक्यातून मारून मारून काढलं गेलं होतं. अभिनव अंगणाच्या पुढे आलाच नाही. परतीच्या वाटेवर सोलापूर रस्त्याला त्याने गाडी कडेला घेतली आणि किल्ली नम्रताच्या हातात दिली.

५

साईनाथसरांनी दार उघडलं तेव्हा ते पेपर तपासत होते. नम्रता बसली.

"सर, त्या सकाळी आपली गाडी कुठे होती?"

"पुढे. दिघीला. केळी घेऊन थांबलो होतो. फोन आल्यावर मागे आलो. हे सगळ्यांना माहीत आहे."

"गाडी अजून गॅरेजला आहे?"

"सर्व्हिसिंग."

"उजव्या बाजूचं मागचं दार आहे ना? कडेला रंग गेला असेल. रबराचा काळा डागही असेल."

साईनाथसरांनी लाल पेनचं टोपण लावलं. ते हातात फिरवत राहिले.

"शर्मिलाचा शेवटचा फोटो पेढ्यांच्या दुकानापुढे थांबलेल्या गाडीतून काढलाय," नम्रता म्हणाली. "तो अपेक्षाने पाठवला. म्हणजे आपण दिघीला नव्हता. बाकीचे सिग्नलला अडकले होते, शर्मिला एकटीच पुढे आली. मागचं दार तिच्या हँडलवर उघडलं. ती उजवीकडे आडवी पडली, आणि संपत टेम्पो थांबवूच शकला नाही. त्याने पाहिलं होतं. मार खाताना तो तेच सांगत होता."

"दार मी उघडलं," साईनाथसर म्हणाले.

"आपण चालवायला बसला होता, सर. हे मागचं दार होतं."

"मी उघडलं म्हणतोय ना मी."

आतल्या खोलीचा पडदा हलला. अपेक्षा बाहेर आली. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती, शर्मिलाला लहानपणापासून आत्या म्हणायची. महिन्याभरात ती इतकी वाळली होती, की नम्रताला क्षणभर ओळखू आली नाही.

"बाबा, बास," ती म्हणाली. आणि मग नम्रताला, "मी फोटो काढला. शर्मिलाआत्याने हात केला. मला वाटलं, उतरून तिला टाळी द्यावी. मी मागे बघितलंच नाही. म्हणजे बघत तर तिच्याकडेच होते. ती लांब आहे असं वाटलं. काचेतून लांब वाटतं."

"मी आरशात पाहिलं," साईनाथसर भिंतीकडे बघत म्हणाले. "तिला आत ओढलं आणि गाडी पुढे काढली. का काढली ते मला आजही सांगता येत नाही. दिघीपर्यंत गेलो आणि परत फिरलो. आलो तेव्हा मारत होते त्याला."

"आणि आपण उभे राहिलात."

"तोंड उघडलं असतं तर हिचं नाव आलं असतं. ते चाळीस जण होते, नम्रताताई. हिच्यावर धावले असते. मी उभा राहिलो. मग उभाच राहत गेलो. एकदा टेम्पोवाला बोललो की पुढे रोज टेम्पोवालाच बोलावं लागतं."

"सायकल तू नेलीस?" नम्रताने अपेक्षाला विचारलं.

"ती माझीच होती. शाळेत असताना आत्याने मला त्याच सायकलवर शिकवलं. बाबांनी ती रंगवायला दिली. दर रविवारी तिच्यापुढे उभं राहून सगळे त्या माणसाला शिव्या द्यायचे आणि मी फुलं वाहायची. मला नाही जमलं. पहाटे बाबांची किल्ली घेतली आणि ढकलत नेली."

"कुठे आहे ती?"

अपेक्षाने जे सांगितलं त्यावर साईनाथसरांचाही विश्वास बसला नाही.

६

सायकल भीमरावांच्या घरात होती. हॉलमध्ये, शर्मिलाच्या फोटोखाली.

"पोरगी पहाटे घेऊन आली," ते म्हणाले. "दारात उभी राहून म्हणाली, आजोबा, ही ठेवून घ्या. आणखी काहीतरी सांगायचं होतं तिला, ओठ हलत होते. सांगता आलं नाही, पळून गेली. मी तुमच्याकडे आलो, ताई. तिला विचारायचा मला धीर झाला नाही."

नम्रताने सगळं सांगितलं. ते खुर्चीत बसून ऐकत होते. सांगून झाल्यावर त्यांनी उठून पंखा बंद केला, मग कशासाठी बंद केला ते न कळल्यासारखं पुन्हा लावला.

"म्हणजे रागवायलाही कोणी उरलं नाही," ते म्हणाले.

साईनाथसर आणि अपेक्षा दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात गेले. जबाब लिहून घेतले गेले. गॅरेजात गाडीचं दार आधीच नवीन रंगवून झालं होतं, त्यावर आता काही दिसत नव्हतं. संपतवरचा खटला लगेच मागे घेता येत नाही, असं साहेबांनी समजावलं. आरोपपत्र गेलंय, आता काय ते कोर्ट बघेल. आरोपीला स्वतःला काही आठवत असतं, तर गोष्ट वेगळी होती. मारहाणीचं काय, हे नम्रताने विचारलं. तक्रार कोणी दिलीय का, असं साहेबांनी उलट विचारलं. अभिनव म्हणाला, मी देतो, माझ्याविरुद्ध. साहेब त्याच्याकडे बघून म्हणाले, घरी जा.

ग्रुपवर बातमी पसरली तसे लोक बोलेनासे झाले. काहींनी साईनाथसरांना फोन करून शिव्या दिल्या. काहींनी ग्रुप सोडला. फ्लेक्स एका दुपारी कोणीतरी गुंडाळून नेला. रविवारी सहा-सात जणच आले आणि चहा पिऊन परत गेले.

भीमरावांना लोणी काळभोरला जायचं होतं. अपेक्षा म्हणाली, मी येते. नम्रता आणि अभिनव बरोबर होते. या वेळी अभिनव ओट्यापर्यंत आला आणि हात जोडून खालीच बसला. मुक्ताईने त्याला ओळखलं. तिने त्याच्याकडे पाठ केली.

अपेक्षाने संपतला सगळं सांगितलं. दार, फोटो, टाळी, सगळं. तो लक्ष देऊन ऐकत होता, दुसऱ्याच कोणाची हकिगत ऐकावी तसा.

"आसंल," तो शेवटी म्हणाला. "तू म्हणतीस तर तसं आसंल. पर माज्या मनात ते येत न्हाई, पोरी. माज्या चाकाखाली आली, एवढंच मनात हाय."

"तुमची चूक नव्हती," अपेक्षा म्हणाली.

"व्हय," तो समजूत घालायच्या सुरात म्हणाला. त्याला पटलं नव्हतं हे सगळ्यांना दिसत होतं.

भीमराव ओट्यावर त्याच्या शेजारी बसले. दोघं जवळजवळ एकाच वयाचे वाटत होते, संपत तितका म्हातारा नसूनही.

"मी पेढेवाल्याला भेटून आलो," भीमराव म्हणाले. "तो म्हणाला, तुम्ही तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. ती लगेच गेली नाही. तुमच्याशी काहीतरी बोलत होती, आणि तुम्ही मान हलवत होता, हो हो म्हणत होता. त्याला लांबून ऐकू आलं नाही. मग लोक आले."

संपत त्यांच्याकडे बघत होता.

"मला दुसरं काही नको," भीमराव म्हणाले. "माझी पोरगी शेवटी काय बोलली, तेवढं आठवतं का बघा."

संपतने डोळे मिटले. कपाळावरची शीर ताठ झाली. तो खरोखर शोधत होता, सगळ्यांना दिसेल इतका शोधत होता. मुक्ताई आतून पाणी घेऊन आली आणि तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली. उसातून वारा येत होता. ओट्याखाली बसलेल्या अभिनवने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

बऱ्याच वेळाने संपतने डोळे उघडले आणि मान हलवली.

"असू द्या," भीमराव म्हणाले, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसून राहिले.